गोधडी, माहेर आणि नदीकाठचा दिवस

(महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



आनंदाचा विषय निघाला की मोठे प्रसंगच डोळ्यांसमोर उभे राहतात. मुलीचे लग्न, नव्या घराचा गृहप्रवेश, नातवाची परदेशातील नोकरी. हे आनंद खरेच मोठे असतात. तथापि साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांपलीकडे क्वचितच जाते. उरलेले हजारो दिवस माणूस कशाच्या आधारावर काढतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. हातात घेतलेले एखादे काम, त्या कामाला जोडीला आलेली मैत्रीण, चार दिवसांसाठी माहेरी आलेली लेक, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी एखादी सहल, यांवर ते दिवस निघतात. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. विषय अधांतरी राहू नये म्हणून एकच वस्तू समोर ठेवलेली बरी. ती वस्तू म्हणजे गोधडी.

कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांत तिला वाकळ म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे तीच कौदी होते. ज्यांची सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे त्या घरांत तर दोन्ही शब्द एकाच दुपारी कानावर पडतात. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी ही तिचीच भावंडे. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायचे, एवढेच या सर्वांचे मूळ आहे. कांथेला आणि सुजनीला प्रदर्शनांतून मान मिळाला. वाकळ मात्र माळ्यावरच्या वळकटीतच राहिली, आणि घरच्या माणसांनी तिला कलेच्या यादीत कधी धरलेच नाही. हा तिच्यावर झालेला अन्याय आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिच्यात किती श्रम असतात याचा एक साधा हिशेब मांडून पाहावा. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, अर्थात ३२४ इंच लांब. त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक ८१ इंचांचा, म्हणजे पावणेसात फुटांचा होतो. पन्हा ४५ इंचांचा धरला तर दोन-दोन तुकडे जोडून एकाच लुगड्यातून गोधडीची पाठ आणि पोट दोन्ही निघतात. जुन्या बायकांनी फूटपट्टी न घेता हे गणित पिढ्यान् पिढ्या सोडविले आहे. आता टाक्यांकडे पाहू. पाऊण इंचावर एक ओळ घातली तर ९० इंच रुंदीत १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ ८१ इंचांची. सर्वांची बेरीज ९,७२० इंच, म्हणजे ८१० फूट, सुमारे अडीचशे मीटर. इंचाला तीन टाके धरले तरी एका गोधडीत एकोणतीस हजारांहून अधिक टाके पडतात. आणि हे टाके घालणाऱ्या बाईला कोणी विचारले, "काय करत होता आज?" तर तिचे उत्तर ठरलेले असते, "काही नाही, बसले होते."

या बसण्यातच सारे रहस्य आहे. गोधडी एकटीने शिवता येत नाही असे नाही, पण तशी शिवण्यात मजा नाही आणि सोयही नाही. सोप्यातील जमीन स्वच्छ पुसून खालचे कापड अंथरायचे, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, अडकित्ता असे जे हाती लागेल ते ठेवायचे, मग आतले थर एकेक करून सुरकुती न पडू देता पसरायचे. एका बाजूची सुरकुती काढावी तर ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. तेथे दुसरा हात हवाच. वरचे कापड घालून लांब कच्चे टाके मारले की पुढचे काम समोरासमोर बसून चालते. दोघी दोन कडांनी निघतात आणि मधे येऊन भेटतात. शेतीत जशी सावड असते, म्हणजे आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते, तशीच सावड वाकळेलाही असे. मजुरी देऊन वाकळ शिवून घेण्याची पद्धतही होती आणि अजून आहे. त्या कष्टकरी स्त्रियांच्या हातांचे मोल कमी नाही. परंतु सावडीतल्या वाकळेत टाक्यांबरोबर आणखीही बरेच काही शिवले जाई.

हात कामात असले आणि नजर सुईवर असली की माणूस अधिक खरे बोलतो. समोरासमोर खुर्च्या टाकून "सांग, काय झाले?" असे विचारले तर गळ्यात आवंढा येतो. तेच बोलणे दोरा ओवता ओवता सहज निघते. समोरचीही वर पाहत नाही. "हं" म्हणते आणि पुढचा टाका घालते. सासूचा स्वभाव, मुलाचे न जमलेले लग्न, दवाखान्यातील तपासणीचा अहवाल आणि ज्या गोष्टी नवऱ्यालाही सांगितलेल्या नसतात त्या गोष्टी वाकळेच्या कडेला बसून सांगितल्या गेल्या आहेत. मैत्रीला जागा लागते, वेळ लागतो, आणि भेटायला काहीतरी निमित्तही लागते. निव्वळ गप्पा मारायला जाते म्हटले की घरातील चार भुवया उंचावतात. वाकळ शिवायला जाते म्हटले की कोणी अडवीत नाही. जुन्या स्त्रियांनी हे बरोबर ओळखले होते.

कर्ता पुरुष गेल्यावर त्याची धोतरे वाकळेच्या आतल्या थरात घालण्याची चाल अनेक घरांत दिसते. अशा वेळी शेजारणी येतात, पण सांत्वनाची भाषणे करीत नाहीत. कापड अंथरतात आणि तिच्या हातात सुई देतात. नव्याने हे दुःख वाट्याला आलेली बाई पहिल्या दिवशी दोनच टाके घालते, तेही वेडेवाकडे.

"अक्का, माझा टाका तिरका जातोय."

"जाऊ दे गं. रात्री पांघरल्यावर कोण बघायला येतंय?"

एवढ्या संवादावर दुपार सरते. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे काहीच घडलेले दिसणार नाही.

आता दुपट्याकडे वळू. लेक पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी येते, आणि ती येण्यापूर्वीच आईची ट्रंक उघडलेली असते. नवे कापड बाळाला चालत नाही. त्यातील खळ कोवळ्या अंगाला टोचते. म्हणून दहा-पंधरा वर्षे धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर बाहेर येते. त्याची दुपटी, झबली, टोपडी. मामी कापते, आई शिवते, आत्या भेटायला म्हणून येते आणि दोन दिवस राहून जाते. ज्या मुलीला लग्नापूर्वी बटण लावायचा कंटाळा होता तीही पाय लांब करून भिंतीला टेकून एखाद्या दुपट्याची कड घालू लागते. पुढे तेच दुपटे घडी करून ठेवले जाते, धाकट्या बहिणीच्या बाळाला जाते, तेथून भावाच्या. एकाच दुपट्यात वाढलेली तीन-चार मावस-मामे भावंडे या सभागृहातही बसलेली असतील. पणजीच्या अंगावरच्या कापडात पणतू गुंडाळला जातो आणि त्या दोघांची भेट मात्र कधीच झालेली नसते. अशा भेटी घडवून आणणारी दुसरी वस्तू घरात शोधूनही सापडणार नाही.

माहेरच्या भेटीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. लेकीच्या माहेरपणाचे कौतुक सर्वजण करतात, पण त्या माहेरपणात राबणारी वहिनीही कोणाची तरी लेकच असते. पंचमीला नणंद आली म्हणून वहिनीचे माहेर चुकले, ही तक्रार प्रत्येक वाड्यात होती आणि ती रास्त होती. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी दोघींचे दिवस वाटून दिले, त्या घरांतील नणंदा-भावजया आजही एकमेकींकडे जातात. जेथे दिले नाहीत, तेथे आई-वडिलांच्या पश्चात माहेर बंद झाले. याचा दोष कोणत्या एका व्यक्तीला देता येत नाही. परंतु माहेर टिकते ते आईच्या मायेइतकेच वहिनीच्या मर्जीवर, हे खरे.

आता नदीकाठच्या दिवसाविषयी. भाद्रपद संपत आला आणि घटस्थापना जवळ आली की कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात एक शब्दप्रयोग घरोघर ऐकू येतो, 'दसरा काढणे'. परगावच्या माणसाला याचा अर्थ लागत नाही. घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे, वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे बाहेर काढून धुणे म्हणजे दसरा काढणे. पावसाळ्याचा कोंदट वास आणि ओल चार महिने कपड्यांत साठलेली असते; ती घालवून सणाला सामोरे जायचे. घरच्या नळावर चार चादरी निघतील, वाकळ निघत नाही. म्हणून मोर्चा नदीवर.

पूर्वी बैलगाड्या जात. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टेम्पो आले. शेजारची दोन-तीन घरे मिळून एक वाहन ठरते. सकाळी लवकर निघायचे, कारण सोयीचा दगड पहिल्याला मिळतो. बरोबर भाकरी, शेंगांची चटणी, मटकीची उसळ, दह्याचे भांडे. पोरांना त्या दिवशी शाळेची आठवण करून द्यायची नसते. वाकळ पाण्यात भिजली की तिचा स्वभावच बदलतो. जी एका हाताने उचलता येत होती ती दोघींना हलेनाशी होते. मग ती खडकावर टाकून पायांनी तुडवायची, धोपटण्याने धोपटायची. यात पुरुषांनाही हात लावावा लागतो. घरात एरवी पाण्याचा तांब्या न उचलणारे गृहस्थ त्या दिवशी गुडघाभर पाण्यात धोतर खोचून वाकळ तुडवताना दिसत, आणि ते दृश्य पुढे वर्षभर बायकांच्या गप्पांना पुरे.

पिळणे हे खरे कौशल्याचे काम. दोघींनी दोन टोके धरायची, एकीने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीने डावीकडे. दोघींचा जोर सारखा हवा, नाहीतर हलकी बाई गरकन फिरते आणि पाण्यात बसते. सासू-सुनेची जोडी पिळायला उभी राहिली की काठावरच्या सगळ्यांच्या नजरा तिकडे वळत. त्यानंतर खडकांवर, वाळूवर, बांधावर वाकळा पसरल्या जातात. लाल, हिरव्या, जांभळ्या चौकोनांनी सारा काठ भरून जातो. आणि मग दुपारची भाकरी. वाकळा वाळेपर्यंत कोणालाच घरी जाता येत नाही, म्हणजे तीन-चार तास निवांत बसण्याची सक्तीच असते. वर्षभरात ज्या बाईला घराबाहेर जेवण्याचा योग आला नाही तिला त्या दिवशी झाडाखाली पाय पसरून, दुसऱ्याने वाढलेली भाकरी खाता येई. काम हेच सहलीचे निमित्त होते. किंबहुना ही सहल आहे असे कोणी म्हटले असते तर ती रद्दच झाली असती.

येथे एक कटू बाबही नोंदविली पाहिजे. नदीचे पाणी तेव्हाचे राहिलेले नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे आणि त्याची मुख्य कारणे सांडपाण्यात व कारखानदारीत आहेत. तथापि शेकडो घरांची साबणाची पावडर एकाच आठवड्यात पात्रात मिसळते तेव्हा तिचाही हिस्सा लागतोच. पाणी बादलीने काठावर घेऊन, पात्रापासून दूर वाकळ धुता येते. त्रास थोडा वाढतो, पण दिवसाची गोडी कमी होत नाही.

हीच नदी घरात येते तेव्हाचे चित्र वेगळे असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने हा परिसर पाहिला. त्यातही ऑगस्ट २०१९ चा पूर शिरोळ तालुक्यातील गावांना आणि सांगली शहराला विसरता येणार नाही. माणसे आणि जनावरे बाहेर काढताना अंथरुणाकडे कोण पाहणार? माळ्यावर ठेवले म्हणून निर्धास्त राहावे तर पाणी माळ्यापर्यंत पोहोचले. पूर ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या, चिखलाने भरलेल्या अंथरुणांचे ढीग लागले होते. त्या ढिगांत गाद्या होत्या तशा वाकळाही होत्या. मदतीचा ओघ मोठा होता. गावोगावच्या संस्थांनी चादरी आणि ब्लँकेटे पाठविली, आणि त्या रात्रींत त्यांचा फार आधार झाला. पंचनाम्यात भिंत लिहिली जाते, जनावर लिहिले जाते, धान्य लिहिले जाते. सासूच्या लुगड्याची वाकळ कोणत्या रकान्यात लिहायची? ज्या बायकांनी चिखलातून अशी एखादी वाकळ ओढून काढली, चार-चार पाण्यांतून धुतली, आणि डाग गेले नाहीत तरी जपून ठेवली, त्यांना वेडे म्हणणाऱ्यांनी हा रकाना आधी दाखवावा.

वाकळ मागे पडली ती केवळ पुरामुळे नव्हे. तिचे मूळ कापडच नाहीसे झाले. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे त्या गावाने घराघराला सुती कापड पुरविले. ते कापड वापरून, धुऊन, विरून शेवटी वाकळेत जात असे. नेसण्यात कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, म्हणून जुन्या होत नाहीत. आणि जुन्या झाल्या तरी मऊ होत नाहीत, घाम शोषत नाहीत, सुईखाली सटकतात. त्यांची वाकळ दिसायला रंगीत होते, पांघरायला गार लागते. जी थोडी सुती लुगडी उरली होती ती बोहारणीच्या पाटीत गेली आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले. डबेही उपयोगाचेच, त्याबद्दल कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त सौदा झाला तेव्हा पाटीत नेमके काय पडले, याचा हिशेब त्या घाईत राहून गेला.

माणसेही पांगली. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, नातू सातासमुद्रापार. रोज मोबाइलवर चेहरा दिसतो, ही लहान गोष्ट नाही. एसटीडी बूथबाहेर रांगेत उभे राहून, मिनिटांचा आकडा पाहत बोललेल्या पिढीला तिची किंमत कळते. परंतु मोबाइलवर फक्त बोलता येते, नुसते बसता येत नाही. दोघींनी अर्धा तास काही न बोलता शेजारी बसावे, मधेच एकीने "चहा टाकू?" म्हणावे, हे त्या यंत्रातून होत नाही. भेटीचा खरा गाभा या न बोललेल्या अर्ध्या तासात असतो. सुटीत आलेली नातवंडे दोन दिवस कंटाळतात, तिसऱ्या दिवशी आजीच्या शेजारी बसून दोरा ओवून देऊ लागतात. आजीला सुईचे नेढे दिसत नसते. दोनच दिवसांत परत नेणारे आई-वडील नेमका तो तिसरा दिवस गमावतात.

तरीही सर्व काही संपले असे चित्र रंगविणे बरोबर होणार नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली धाव घेतलेल्या एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. या सवलतींच्या आर्थिक बाजूवर मतभेद असू शकतात. पण त्यांचा एक परिणाम बसस्थानकावर डोळ्यांनी पाहता येतो. साठी-सत्तरीच्या तीन-चार मैत्रिणी, खांद्याला कापडी पिशव्या, आणि कोणाही पुरुषाच्या सोबतीची वाट न पाहता निघालेली सहल. लांब जायचे नसते. नृसिंहवाडीला जाऊन कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहायचा, बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायची. तेथून खिद्रापूर. बाराव्या शतकातील शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, त्याच्या छताला मधोमध ठेवलेले गोल मोकळे आभाळ आणि भोवतीचे अठ्ठेचाळीस खांब पाहून मान दुखेपर्यंत वर बघत राहायचे, त्याच गावातील प्राचीन आदिनाथ मंदिरात दर्शन घ्यायचे. नाहीतर कुंभोजचा बाहुबली. १९६३ साली तेथे उभी राहिलेली अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती लहानपणी शाळेच्या सहलीतून पाहिलेली असते. आता गुडघे कुरकुरत असताना, टेकडीच्या पायऱ्या मोजत, दर वीस पायऱ्यांना "थांबा गं जरा" म्हणत पुन्हा चढायची. सहा वाजेपर्यंत घरी. भाजी सकाळीच चिरून ठेवलेली असते.

या सहलींतून परत येताना पिशवीत प्रसादाबरोबर कापडाचे तुकडेही येऊ लागले आहेत. वाटेतल्या शिंप्याकडे थांबून सुती चिंध्या मागून आणायच्या, आणि नातवासाठी म्हणून पुन्हा एक लहानशी वाकळ अंथरायची. हात थरथरतात, टाके मोठे पडतात.

उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत आत येत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी बसवितात. तिला त्या फूल म्हणतात. ऊब देण्याच्या दृष्टीने त्या फुलाचा उपयोग काहीच नाही. पण ते नसेल तर कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात, आणि इतके काम झाल्यावर, डोळे शिणलेले असताना, चार फुले लावायला पुन्हा सुई ओवतात.